समुद्रातली गोगलगाय आणि देवळालीचा सॅम

सॅम तोरणे कृपाच्या आयुष्यात आला तो हातात बादली घेऊन, आणि त्या बादलीला झाकण नव्हतं. पुढचा सगळा घोळ त्या नसलेल्या झाकणापासून सुरू झाला असं कोणी म्हणालं, तर मी काही वाद घालणार नाही.

राहुरीच्या एका कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. जुलैमधली दुपार, बाहेर भुरभुर चाललेली, पोरं केव्हाच घरी पळालेली. कृपा भिंगारदिवे एकटीच जर्नलांचा ढीग तपासत बसली होती. एवढ्यात दारात एक उंच, अर्धा भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला तरुण येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढाव्यात की तसंच आत यावं, ह्या विचारात तो इतका घुटमळला की शेवटी कृपालाच विचारावं लागलं, "कोण पाहिजे?"

"गोगलगायीच्या मॅडम... तुमीच का?"

कृपाने कपाळाला हात लावला. ती पीएचडी करत होती ती एका समुद्री गोगलगायीवर. विषारी, शिकारी, खोल पाण्यातल्या वाळूत दबा धरून बसणारी. पण तालुक्याने त्यातला 'गोगलगाय' एवढाच शब्द ऐकला होता आणि पुढचं ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. कोबीत गोगलगाय दिसली की लोक पिशवीत घालून तिला भेट आणून द्यायचे. शेजारच्या आजींनी तर, ही गुडघेदुखीवर चोळतात का, असंही विचारून झालं होतं.

त्यातून लग्नाचं निराळंच. आलेल्या प्रत्येक स्थळाची गाडी गोगलगायीपाशी येऊन अडायची. एकाने विचारलं, लग्नानंतर हे किडे घरात आणणार का? दुसऱ्याच्या आईने गोड आवाजात सांगितलं, सुनेने नोकरी खुशाल करावी, फक्त विषाबिषाचं काम नको, चुकून वरणात पडलं म्हणजे? तिसरा शिकलेला होता. तो म्हणाला, छंद म्हणून ठीक आहे. ह्या तिसऱ्याला कृपाने स्वतःच घालवला.

"मीच," ती म्हणाली. "पण मी जमिनीवरच्या गोगलगायींवाली नाही."

तोवर बादली टेबलावर आली होती. आत गोगलगायींचा खच, एकीवर एक. "मी सॅम. देवळाली प्रवऱ्यात नर्सरी हाय आमची. कोबी, टमाटे, झेंडूची रोपं. रात्री वाफा हिरवागार असतो, सकाळी नुसत्या काड्या. औषध सांगा, मॅडम. न्हाईतर मला झोप यायची न्हाई."

"अहो, पण माझी गोगलगाय समुद्रातली आहे."

"इथं कुठाय समुद्र?"

"हेच माझ्या घरचे विचारतात."

तो हसला. हसताना त्याच्या गालावरचा वाळलेला चिखल तडकला, आणि कृपाला उगाचच वाटलं की ह्या माणसाला रुमाल द्यावा. रुमाल न देता तिने त्याला कोपऱ्यातली काचेची टाकी दाखवली. परवानग्या काढून, रत्नागिरीहून मिठाच्या पाण्याचे कॅन वाहून आणून तिने ती टाकी कशीबशी जगवली होती. वाळूत एक शंख होता, बोटभर लांब, पिवळ्या-तपकिरी जाळीदार नक्षीचा. एखाद्या भारी साडीचा पदर गुंडाळून ठेवावा तसा.

"लई सुंदर हाय."

"हो. आणि हिच्या दंशाने माणूस मरू शकतो."

"एवढुशी?"

"सोंडेतून दात फेकते. पोकळ दात, आत विष. भाल्यासारखा घुसतो. त्यावर उताराच नाही अजून."

सॅमने टाकीकडे जरा आदराने पाहिलं. "आन् खाती काय?"

"ही जात? दुसऱ्या गोगलगायी."

झालं. सॅमचा चेहरा असा उजळला की कृपाला आपण काय बोलून बसलो ते तेव्हाच कळायला हवं होतं. "मग मला दोन द्या की. वाफ्यात सोडतो."

"मिठाच्या पाण्याशिवाय जगत नाही ती."

"वाफ्याला मीठ घालतो."

"मग रोपं मरतील."

"व्हय, ते बी खरंच," म्हणून तो विचारात पडला, आणि कृपा हसत सुटली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती. डोळे पुसायला ती वळली तेवढ्यात सॅमने बादलीतली एक लठ्ठशी गोगलगाय उचलली आणि बाह्या सरसावून हात टाकीत घातला. खाते का नाही, बघू तर.

कृपाने दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं आणि असं मागे खेचलं की तो स्टुलासकट भिंतीला टेकला. टाकीतला पंप बुडबुडत होता. त्याच्या मनगटाची नाडी तिच्या बोटांखाली धावत होती, आणि तिची स्वतःची कुठे धावत होती ते तिलाच कळत नव्हतं.

"मॅडम... हात."

"काय?"

"सोडला तरी चालंल. आता न्हाई घालत मी." तो थांबला. "...न्हाई सोडला तरी चालंल."

तिने हात सोडला, आणि कानापर्यंत लाल होत त्याला जे काही झापलं ते झापलं. माणूस आहात का कोण, घरी कोणी वाट पाहणारं आहे का नाही, टाकीत हात घालायचा नाही, हाच धडा मी पोरांना रोज शिकवते. सॅम मान खाली घालून ऐकत होता. ऐकता ऐकता हळूच म्हणाला, "मॅडम, एक सांगू? बादली रिकामी झालीया."

खरंच झाली होती. गोगलगायी टेबलावर होत्या, जर्नलांवर होत्या, एक तर हजेरीच्या फळ्यावर अर्ध्यापर्यंत चढून गेली होती. दोघांनी मिळून त्या गोळा केल्या. टेबलाखाली एकाच गोगलगायीसाठी दोघांची डोकी आपटली, आणि डोकं चोळत दोघं जमिनीवर बसून राहिली ती शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत.

कृपा चार दिवस जमिनीवरच्या गोगलगायींबद्दल वाचत बसली. कशासाठी, असं वडिलांनी विचारलं तर म्हणाली, शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. शांतवन सर, म्हणजे तिचे वडील, निवृत्त शिक्षक होते, आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकलेले. ते 'बरं' म्हणाले आणि पेपरमागे हसले.

मग ती देवळालीला नर्सरीवर जायला लागली. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या कडेने टाकायची, रातोरात गोगलगायी त्याखाली जमतात, सकाळी उजाडल्या उजाडल्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. शेडनेटच्या चारी बाजूंनी चुन्याची फक्की. हे सगळं एकदा सांगून फोनवरही भागलं असतं. पण गूळ किती, फक्की किती रुंद, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कसं कळणार? निदान कृपाने तरी स्वतःला असंच पटवलं होतं.

सकाळच्या त्या गारव्यात ओल्या मातीचा, गुळाचा आणि रोपांचा मिळून एक वास यायचा. दोघं हातमोजे घालून वाफ्याच्या दोन टोकांनी सुरुवात करायची आणि मधोमध भेटायची.

"मॅडम, तुमची बाजू हळू चाललीया."

"माझ्या बाजूला जास्त आहेत."

"तुमाला बघायला येत्यात त्या. माहेरचं माणूस समजून."

"आणि तुम्ही का सारखं इकडे बघताय?"

"मी... मोजतोय."

"काय?"

"अजून किती वाफे ऱ्हायलेत ते. लवकर संपाया नको."

अशी थट्टा रोज चालायची. सॅमची मार्थाआत्या, जिने त्याला लहानाचा मोठा केला, ओट्यावरून भाकरी थापताना सगळं पाहायची आणि काही बोलायची नाही. पण हळूहळू भाकऱ्यांत एक भाकरी वाढली.

एका सकाळी सॅमने विचारलं, "एवढ्या जीवघेण्या जनावराच्या मागं का लागलात? साधं काय तरी घ्यायचं. फुलपाखरू."

कृपाने हातमोजा काढला. "हिच्या जातीतल्या एकीच्या विषातून औषध निघालंय. दुखण्यावरचं. जिथे बाकी काही चालत नाही तिथे चालतं. माझी आई गेली तेव्हा... शेवटी फार दुखायचं तिला. मी शेजारी बसून हात दाबायचे, दुसरं काय करणार? मग कॉलेजात ह्या गोगलगायीचं वाचलं. म्हटलं, एवढं विष आहे, त्यातलं थोडं तरी कोणाच्या उपयोगी पडेल."

सॅमनेही आपले हातमोजे काढले. मग म्हणाला, "ही गोगलगाय सोडायची न्हाई, कृपा. कोणी बी सांगितलं तरी." मॅडमची कृपा कधी झाली ते त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं. आणि त्या क्षणी तिला तो इतका आवडला की पुढची गोगलगाय तिने हातमोज्याशिवायच उचलली.

ऑक्टोबरात गोव्याहून निरोप आला. समुद्रावरच्या एका संस्थेत दोन वर्षांचं काम, त्याच गोगलगायीच्या विषावर, जानेवारीपासून. कृपाने सगळ्यांत आधी सॅमला सांगितलं.

"जा," तो लगेच म्हणाला. मग झेंडूच्या रोपाचं एक पान तोडलं, दुसरं तोडलं, रोप बोडकं झालं. "एक विचारू? जायच्या आधी... लग्न करून जाशील का? म्हंजे मला एसटीनं गोव्याला यायला काय तरी निमित्त पायजे ना."

"निमित्त म्हणून लग्न?"

"न्हाई. लग्न म्हणून लग्न. निमित्त वरकड."

कृपा हो म्हणाली. त्यानंतर पानं तोडायचं काम तिने केलं.

मोठ्यांची बोलणी शांतवन सरांच्या घरी झाली. कृपा स्वयंपाकघरात चहा करत होती, आणि तेवढ्या एका चहाच्या वेळात बाहेर सगळा विचका झाला. मार्थाआत्यांनी सरळ विचारलं, "गोव्याचं काय? लग्न होऊन पोरगी दोन वरसं तिकडं, आन् हा हितं एकटा? लोक आमच्या तोंडात शेण घालतील." शांतवन सरांना आधीची सगळी मोडलेली स्थळं आठवली. ते घाईघाईने बोलून गेले, "गोव्याला नाही म्हणून कळवेल ती. तुम्ही काळजी करू नका." आणि सॅम? तिथेच बसला होता. तोंड उघडलं, मिटलं, बिस्किट खाल्लं. चहा घेऊन कृपा बाहेर आली तेव्हा सगळे हसत होते, म्हणून तीही हसली.

आमच्याकडे लग्नाआधी ओळीने तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. पाळक दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, कोणाची हरकत आहे का? विचारायचं म्हणून विचारतात. हरकत घेतलेली कोणाच्या ऐकिवात नाही. तेवढ्या वेळात लोक पुढच्या गीताचा नंबर शोधून ठेवतात. पहिल्या दोन पुकारी अशाच गेल्या. तिसऱ्या रविवारी कृपा आणि शांतवन सर मुद्दाम देवळालीच्या चर्चला आले होते.

पायरीवर एका बाईंनी कृपाचे दोन्ही हात धरले. "बरं केलंस बाई, गोव्याचं सोडलंस. मार्थाबाई सांगत होत्या. संसार महत्त्वाचा."

कृपाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी चर्चच्या घंटेकडे पाहिलं. तिने दारातून आत सॅमकडे पाहिलं. तो पुरुषांच्या बाजूला, पुढच्या बाकावर, नव्या शर्टात, मान खाली घालून बसला होता. त्या खाली घातलेल्या मानेवरून तिला सगळं समजलं. आधीच्या स्थळांनी तोंडावर तरी सांगितलं होतं. ह्याने तेवढंही केलं नाही, आणि दुःख ह्याचं होतं की ह्याच्यावर तिचा जीव जडला होता. ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

पाळकसाहेबांनी वाचलं. "देवळालीचे सॅम्युएल तोरणे आणि राहुरीच्या कुमारी कृपा भिंगारदिवे... ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणाची हरकत असल्यास आता सांगावं." आणि त्यांनी सवयीने पान उलटलं.

"माझी आहे," कृपा म्हणाली.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाळ, तू नवरी आहेस."

"म्हणूनच. माझं गोव्याचं काम मी सोडलंय असं सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला माहीत नव्हतं. मी ते सोडलेलं नाही. सोडणार नाही. ज्याला हे चालत नाही त्याच्याशी मला लग्न करायचं नाही... मला तो कितीही आवडत असला तरी."

शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि त्यामुळे ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. गीताचे नंबर शोधणारी बोटं जागच्या जागी थांबली. पुरुषांच्या बाजूला सॅम उभा राहिला.

"माझी बी हरकत हाय, साहेब."

"तुझी कशावर?"

"नवऱ्यावर. मी तिथं बसलो हुतो. आत्या म्हणली गोवा नको, सर म्हणले बरं, आन् मी बिस्किट खाल्लं. मला वाटलं, आत्ता बोललो आन् लग्न मोडलं तर? आधी लग्न होऊ दे, मग आत्याला समजावू. लई घाबरलो हुतो. असल्या माणसाला ही पोरगी देऊ नये, असं माझं सोताचं मत हाय." "पण मला ती पायजे. तिच्या कामासकट पायजे. काम सोडलेली कृपा मी बघितलीच न्हाई कधी, मला ती वळखायला बी यायची न्हाई."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पस्तीस वर्षांच्या सेवेत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. "म्हणजे नवरीची हरकत, नवऱ्याची हरकत. मग लग्न पाहिजे कोणाला?"

"दोघांनाबी," सॅम म्हणाला.

मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं. शांतवन सर उठले. "माझीही चूक झाली," ते म्हणाले. "भीतीपोटी मी तिच्या वतीने बोललो. मी शब्द मागे घेतो, मार्थाबाई."

आता सगळ्या माना मार्थाआत्यांकडे वळल्या. त्या पहिल्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या.

"लोक काय म्हणतील ते तरी सांग, सॅम."

"लोक हितंच बसल्यात, आत्या. इचार."

आत्यांनी वळून लोकांकडे पाहिलं. लोकांनी घाईघाईने गीतांच्या पुस्तकात पाहिलं. बाहेरून उसाची एक ट्रॉली खडखडत गेली.

"पोरी," शेवटी आत्या म्हणाल्या, "सात वाजता येतीस, चिखलात वाकून ह्याचं वाफं राखतीस, आन् एक दिवस म्हणली न्हाईस की माझं काय काम हितं. बघत हुते मी." त्यांनी नाक ओढलं. "गोव्यात भाकरीचं पीठ चांगलं मिळत न्हाई म्हणत्यात. कोण पोचवणार?"

"मी," सॅम म्हणाला. "म्हैन्याला."

"मग माझी काय बी हरकत न्हाई."

पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. ह्या वेळी पान न उलटता, एकेका बाकाकडे पाहत. कोणी बोललं नाही. कृपा खाली बसली. सॅम मात्र आपल्या जागेवर बसला नाही. मधली वाट ओलांडून, अख्ख्या मंडळीसमोर, तो बायकांच्या बाजूला आला आणि तिच्या शेजारी बसला. शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावत जागा करून दिली.

"मला अजून राग आहे," कृपा समोर पाहत पुटपुटली.

"असू दे."

"बराच दिवस राहील."

"राहू दे. मी हाय हितंच." तो जरा थांबला. "आन् ते... आवडत असला तरी म्हणलीस, ते खरं का?"

"अख्ख्या चर्चला ऐकू गेलं, तुलाच नाही?"

"गेलं. पण परत ऐकायचंय."

कृपाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मला तू आवडतोस, सॅम. फार आवडतोस. आता गप्प बस, प्रार्थना चालू आहे."

तो गप्प बसला. गीत सुरू झालं तेव्हा दोघांत एकच पुस्तक होतं. तिने ते उघडलं, त्याने धरलं, पण दोघांचेही डोळे इतके भरून आले होते की गाणं बाकीच्या मंडळीलाच म्हणावं लागलं.